लीलचा नवरदेव

आमच्या घरी वळू वाढतात आणि वयात आले की जातात. भेस्तानच्या पलीकडे, लूमचा खडखडाट जरा विरळ होतो तिथे आमचं पत्र्याचं शेड आहे. नवऱ्याने लूम सोडून हा धंदा धरला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, लोक दुसऱ्याच्या घरी पाठवायला पोरी वाढवतात, तू वळू वाढव.

गिऱ्हाईक म्हणजे तबेलेवाले आणि बारडोलीकडचे गायी राखणारे शेतकरी. ते आधी वळूच्या आईचं दूध विचारतात, मग वशिंड बघतात, मग त्याला चालवून बघतात. चालवायचं काम माझं. मी जिभेने टकटक करत पुढे व्हायचं आणि वळूने दोरी सैल ठेवून मागे यायचं. असा वळू गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं.

तो गीर खोंड तर दोरीशिवायच यायचा. त्याची आई आटली म्हणून मी त्याला बाटलीने पाजला होता. तांबडा, लांब कानांचा, लाडाने डोक्यावर बसलेला. विकायचाच होता, पण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकात मला काहीतरी खोट दिसायची.

मागच्या वर्षी बारडोलीपलीकडून एक माणूस आला. डोक्याला रुमाल बांधलेला, बोलणं तुटक. आईचं दूध त्याने विचारलंच नाही. खोंडाला कधी नांगराला, गाडीला जुंपलंय का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, "लील परणाववी छे."

माझ्या नवऱ्याला चार भाषा येतात, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. परणाववी म्हणजे लग्न लावायचं, हे त्याला कळलं. लील ही ह्याची मुलगी आणि खोंड म्हणजे तिचा आहेर, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं. हसून म्हणाला, "अरे वा, बधाई! वरराजा क्यांना छे?"

माणसाने खोंडाच्या पाठीवर हात ठेवला. "आ ज."

म्हणजे हाच. आम्ही दोघं मोठ्याने हसलो. तो हसला नाही. घाम पुसायला त्याने रुमाल सोडला, तर डोकं नुकतंच भादरलेलं. तरी आमच्या डोक्यात उजेड पडला नाही. घासाघीस न करता तो खोंड घेऊन गेला आणि नवरा मागून ओरडला, "पेढे पाठवा!"

संध्याकाळी शेजारच्या गुजराती बेनने समजावलं तेव्हा कुठे कळलं. घरचा माणूस गेला की खोंडाचं कालवडीशी लग्न लावतात, त्याला त्रिशूळाचा डाग देतात आणि गेलेल्याच्या नावाने सोडून देतात. त्या विधीलाच लील म्हणतात. मग त्याला कुणी बांधायचं नाही, जुंपायचं नाही, विकायचं नाही. तो गावात सुखाने फिरत राहिला की गेलेल्याला गती मिळते.

काही दिवसांनी भर दुपारी मी बाहेर आले तर खोंड अंगणात उभा. मागच्या फऱ्यावर त्रिशूळ भाजलेला. कुत्रं भुंकलं नव्हतं. दावणीच्या गायींनी रवंथ थांबवलं होतं. तो आपल्या खुंट्याकडे गेला नव्हता, घराच्या उंबऱ्यासमोर उभा होता. मी टकटक केली. एरवी धावत येऊन हात चाटणारा तो, माझ्याकडे न बघता खाली बघत राहिला. परक्या घरात भला माणूस बाईसमोर उभा राहतो, तसा.

मी दोरी घेतली. आतून सासूबाई ओरडल्या, "बांधू नको वं त्याले! हाऊ आते आपला खोंड नही शे. कोणना तरी बाप शे."

नवऱ्याने फोन केला. टेम्पो घेऊन तो माणूस आला, सोबत त्याची पांढऱ्या साडीतली आई. खोंड गावातून निघून गेल्यापासून म्हातारीच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तिने माझे हात धरले. "बेन, एने चलावी आपो. ए गाममां नहि रहे तो एमनी गति नहि थाय."

मी तळहातावर गूळ घेतला आणि टकटक करत टेम्पोच्या फळीकडे निघाले. खरं सांगायचं तर तो यावा असं मला वाटत नव्हतं, आणि तो राहिला तर काय, हेही कळत नव्हतं. मागे खुराचा आवाज आला नाही. म्हातारीच्या मुलाने ढकलून बघितलं. भिंत ढकलावी तसं झालं.

म्हातारी खोंडासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग मुलाला म्हणाली, "रहेवा दे. जीवता हता त्यारेय एमने घेर आववुं गमतुं नहोतुं."

जिवंत होते तेव्हाही त्यांना घरी यायला आवडायचं नाही, हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला चहात साखर चालत नाही, हे सांगावं तसं तिने सांगितलं. सावली कुठे आहे, पाणी कुठे आहे, ते तिने बघून घेतलं. मग त्याला म्हणाली, "तमे अहीं ज रहेजो," आणि टेम्पोत जाऊन बसली. वळून बघितलं नाही.

माझा खोंड मला परत मिळाला होता. त्याच्या गळ्याखाली खाजवायला मी हात पुढे केला. त्याने मान वर करून पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. मी हात मागे घेतला आणि डोक्यावर पदर ओढला.