रुख्मिणीबाईचं पहिलं टोपलं

जवळा बाजारच्या आसपास कोरडी विहीर बुजवायची म्हटलं, की भल्याभल्यांच्या मिशांचा पीळ सैल पडायचा. जो पहिलं टोपलं टाकील त्याचा वंश बुडतो, अशी समजूत. पुढची टोपली टाकायला अख्खा गाव तयार. पाप बहुधा पहिल्यातच संपत असावं.

निजामाच्या सरकारला हे कोण सांगणार? उघड्या पडीक विहिरींत गुरं पडू लागली, तसा तालुक्याहून हुकूम आला. निकामी विहीर मालकानं पावसाळ्याआधी बुजवावी, नाहीतर तेवढं शेत सरकारजमा. तातेराव पाटलांनी डोकं चालवलं. आपल्या ठणठणीत कोरड्या विहिरीवर मोट चढवली, बैल जुंपले आणि विहीर चालू असल्याचं, पाहणीला आलेल्या सरकारी अंमलदाराला, गिरदावर जलालुद्दीनला, छातीठोक सांगितलं. गिरदावर उन्हातून आलेला. त्यानं प्यायला पाणी मागितलं.

बाकीच्या मालकांना मात्र रुख्मिणीबाई आठवली. विधवा, पोटी लेकरू नाही. हळदीकुंकवाला जिला दाराआड ठेवायचं, तिच्याच दारी आता पागोटी वाकू लागली. बाई पदर खोचून जायची, ‘माझं काय बुडायचं ऱ्हायलंय?’ म्हणायची आणि टोपलं रिकामं करायची. मोबदला एकच : त्या दिवशी मालकाच्या घरी पहिल्या पाटावर जेवण. पाट मिळेपर्यंत मातीचे हात धुवायची नाही.

अशा कितीतरी विहिरी तिनं बुजवल्या. मग पटकीच्या साथीत बहीण गेली आणि बहिणीची लहानगी लेक मनकर्णा तिच्या पदरी आली. त्या दिवसापासून बाईनं टोपल्याला हात लावला नाही.

उरली फक्त पाटलांची विहीर, तीही ऐन पायवाटेवर. तातेराव दारी आले. बाईनं आता आपल्याला लेकरू असल्याचं सांगितलं, तर ते हसले.

“पोरगी व्हय ती, आन तीबी बहिणीची. त्याला वंश कोन म्हणतंय?”

रुख्मिणीबाईनं दार लावून घेतलं.

पण दुसऱ्याच दिवशी दुपारी शेण वेचून येताना तिला मनकर्णा दिसली. विहिरीच्या ढासळत्या काठावर पालथी पडून पोरगी आत खडे टाकत होती. तळातून आवाज कधी येतो ते ऐकत होती. बाईनं तिला ओढून पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच मटकन खाली बसली.

मुदतीच्या दिवशी गिरदावर आला. मातीचा ढीग तयार, माणसं तयार, टोपल्याला हात लावायला कुणी नाही. पाटलांना तर अचानक कंबरदुखी सुरू झाली. तेवढ्यात रुख्मिणीबाई पोरीला कडेवर घेऊन आली.

“पाटील, आधी सांगा. ही माझा वंश हाय का न्हाई?”

“न्हाई म्हणलो की. बिनघोर टाका तुमी.”

“मंग न्हाई टाकत.”

जलालुद्दीननं घसा खाकरला. पाटलांनी शेताकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं.

“बरं बाई, हाय. समद्यांसमोर सांगतो, तुमचाच वंश हाय. पन मंग टोपलं टाकनार कोन?”

“मीच.”

गर्दीतली एक म्हातारी तिचा दंड धरायला धावली. लेकरू असताना असं काहून करतीस, म्हणाली. रुख्मिणीबाईनं पोरीला खाली उतरवून त्या म्हातारीच्याच हाती दिलं.

“पाप आलं तर माझ्याशी भांडंल, मावशी. ही हीर तर पोरीलाच बोलवून राहिली.”

बोलली खरी, पण टोपलं उचलताना अर्धी माती तिच्याच लुगड्यावर सांडली. उरलेली आत गेली. तिनं झटक्यात मागं वळून पाहिलं. मनकर्णा नाकात बोट घालून उभी होती.

मग गावाला जोर चढला. सगळे बाईला घरी जा म्हणाले, पण ती हलेना. विहीर काठोकाठ भरेपर्यंत पोरीचं मनगट धरून उभी राहिली. शेवटी त्या भुसभुशीत मातीवर आधी स्वतः चालली, टाचा आपटून पाहिल्या, आणि मगच पोरीचा हात सोडला.