कोबीच्या पिंपावरची काच

ओतिला मारेशोव्हाचं मनगट मोडलं, तेव्हा तिच्या कोबीच्या पिंपावरचं वजन उचलायला मला बोलावणं आलं. मी शेजारी, शिवाय तिच्या नवऱ्यासोबत, वेंदेलीन मारेशसोबत, काचकारखान्यात एकाच बाकावर जन्म काढलेला. त्यामुळे विनंती वगैरे भानगड नव्हती. कुंपणापलीकडून हाक आली, "बोहुश, रिकामाच बसलायस ना?" मी रिकामा नव्हतो, पण ओतिलाला असं सांगून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

नोकरीभर तिने झुंबरांचे लोलक कागदात गुंडाळले आणि तोंड चालू ठेवलं. वेंदेलीन अगदी उलट. त्याला बोलतं करायला दाताचा डॉक्टर लागायचा, आणि तिथेही तो नुसतं तोंड उघडायचा. मोठमोठे कलाकार काचेची शिल्पं घडवत, म्हणजे ओतून घेत, आणि मग आमच्यापुढे आणून टाकत. आम्ही ती घासायची, चकाकवायची. वेंदेलीनकडे प्राध्यापक ल्होतानची सगळी कामं असायची. ल्होतान दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. शिल्पावर सही अर्थातच ल्होतानची. वेंदेलीन गेला, तेव्हा दफनाला ल्होतानने फुलं पाठवली. फितीवर वेंदेलीनचं नाव चुकलं होतं.

वेंदेलीनची बहीण हेडविका दरवर्षी पितरांच्या दिवशी थडग्यावर मेणबत्ती लावते आणि म्हणते, "माझा भाऊ लोकांच्या काचा घासत मेला. स्वतःचं म्हणून एक ॲशट्रे नाही केला." एरवी ओतिला हेडविकाला एका वाक्यात गार करते. या वाक्यावर मात्र ती मेणबत्तीची वात सारखी करत बसते.

तर ते वजन. आंबायला घातलेल्या कोबीवर काहीतरी जड ठेवावं लागतं. आमच्या गावात त्यासाठी दगड शोधत कोणी हिंडत नाही. वाया गेलेल्या काचेची ढेकळं फुलांच्या वाफ्याला लावलेली असतात, दाराला अडकण म्हणून असतात, कोंबड्यांच्या खुराड्यावर असतात. काचेकडे आम्ही बघतच नाही. हे ढेकूळ वेंदेलीनने एका हिवाळ्यात घरी आणलं, खळगा वर करून पिंपाच्या झाकणावर ठेवलं, आणि ओतिलाला म्हणाला, "हे तुला." तिने म्हटलं, "बरं झालं, विटकरीचा भुगा पडत होता."

मी ते उचललं, अंगणात नेऊन धुतलं आणि पाणी निथळायला उभं धरलं. समोर आकाश होतं. मी एक सणसणीत शिवी हासडली.

"पायावर पाडलंस?" ओतिला आतून ओरडली.

काच धुरकट करडी, वर पातळ, खाली जाड. पातळ कडेला ती पहाटेसारखी फिकट होती आणि खाली उतरत जवळजवळ काळी होत गेली होती. रंग एकच, फक्त जाडी बदललेली. कडा मुद्दाम अर्ध्या आंधळ्या, म्हणजे बिनचकाकीच्या ठेवल्या होत्या. समोरचा भाग असा घासलेला, की पृष्ठभाग कुठे सुरू होतो ते बोट लावल्याशिवाय कळेना. आणि मागचा तो खळगा, ज्यात इतकी वर्षं पाणी साचत होतं, तो समोरून खळगा दिसतच नव्हता. काचेच्या पोटात एक भरीव, गोल, फुगलेली वस्तू उजळून बसली होती. मी हात मागे नेऊन पाहिलं. मागे पोकळी, पुढून भरीव. डोळे भरून आले, आणि कोबीचा वास फार उग्र असतो, हेही खरं.

ओतिला बाहेर आली. मी तिला तिथे उभं केलं, जिथून मी पाहत होतो. तिने मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवली.

"हे त्याने केलंय?" तिने विचारलं. "त्याने स्वतः? बोहुश, खरं सांग. हेडविकासाठी नाही विचारत. माझ्यासाठी विचारतेय."

मला माहीत नव्हतं. सुट्टी झाल्यावर जो तो बाकावर आपलं काहीतरी करायचा, आणि दुसऱ्याच्या बाकाकडे बघायचं नाही, हा आमचा धर्म. मी तो कसोशीने पाळला, मूर्खासारखा.

आम्ही काच संग्रहालयात नेली. तिथल्या क्लिमेंतोव्हाबाई हुशार आहेत, काचेवर मनापासून जीव आहे त्यांचा. त्यांनी ती खिडकीशी धरली, फिरवली, दिव्याखाली नेली. मग कडेवर बोट ठेवलं.

"हा ल्होतान आहे. नक्की ल्होतान. ही कड बघा, ही अशी घासलेली कड जगात फक्त ल्होतानच्या शिल्पांना असते."

"ती कड वेंदेलीन घासायचा," मी म्हणालो.

"तेच तर! म्हणजे ल्होतानच."

वेंदेलीनचा हात जितका सिद्ध करावा, तितकी वस्तू ल्होतानची होत होती. माझं डोकं तापलं.

"आणि आतला आकार," बाई म्हणाल्या, "हा उगवता सूर्य. वरच्या टोकाला किरण एकत्र आलेत. शिवाय अंगभर गोणपाटाचा पोत. त्या काळात पुष्कळ कलाकार गोणपाट वापरत."

ओतिलाने खळग्यात बोटं घातली. हळूहळू फिरवली. टोकाशी थांबली.

"हा सूर्य नाही," ती म्हणाली. "ही गाठ आहे. आणि हे गोणपाट नाही, आमच्या थोरल्या पोराच्या तान्हेपणीच्या लंगोटाचं फडकं आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"स्वच्छ धुतलेलं," ओतिला जरा चिडून म्हणाली. "मी त्यातच क्नेडलिकचा, पावाचा गोळा बांधते, उकडायला. तुम्ही कशात बांधता?"

बाई विकतचा आणतात, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की आठवणी माणसाला फसवतात, असल्या पोताचं कापड कुठलंही असू शकतं. ओतिलाने वाद घातला नाही. "रविवारी जेवायला या," म्हणाली. "काच घेऊन या."

रविवारपर्यंत तिच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं. तिने शिळ्या पावाचे तुकडे, मैदा, अंडी मळून गोळा केला, फडक्यात घातला, चुण्या गोळा करून दोऱ्याने बांधला आणि उकळत्या पाण्यात सोडला. मापाचं भांडं नाही, वजनकाटा नाही. हाताला येईल तसा. लग्नापासून तिचा हात तोच आहे. आम्ही तिघं टेबलाशी बसलो, मध्ये काच. क्लिमेंतोव्हाबाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. क्नेडलिक बाहेर काढून गार होऊ दिला, फडकं सोडलं, आणि तिने तो दोन्ही हातांनी उचलून खळग्यात ठेवला.

बसला. चुणीत चुणी बसली. कडेने नख जायला जागा नव्हती.

मला सगळं एकदम दिसलं. त्याने टेबलावरचा क्नेडलिक डब्यातून कारखान्यात नेला, त्याच्यावरून साचा घेतला. ल्होतानच्या साच्यांशेजारी भट्टीत एक साचा जास्त ठेवला. मग कित्येक महिने घासत बसला, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"हा पुरावा मी नोंदीत कसा लिहू?" बाई पुटपुटल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "लिहीन. लिहीनच."

ओतिला खाली बसली. तिच्या हातांना पीठ लागलं होतं. "हे तुला, म्हणाला," ती म्हणाली. "मला वाटलं, झाकणासाठी. तो रोज रात्री जेवताना माझ्याकडे बघायचा, बोहुश. मी म्हणायची, काय बघतोस, मीठ कमी आहे का? एकदा तोंड उघडून म्हणायला काय झालं होतं त्या ठोंब्याला, की उलटून बघ!" आणि ती रडली. मी तिला रडताना पूर्वी पाहिलं नव्हतं. मी उठून रस्सा गरम करायला ठेवला, कारण दुसरं काही सुचेना.

वसंतात प्रदर्शन झालं. पाटीवर वेंदेलीन मारेश हे नाव होतं, अक्षरं बरोबर होती. ल्होतानच्या तीन शिल्पांच्या शेजारी काच ठेवली होती, मागून दिवा सोडलेला. हेडविका आली, पाटी दोनदा वाचली आणि चष्मा पुसत दुसऱ्या दालनात गेली. ओतिला काचेसमोर उभी राहिली ती हलेना. लोक आले, गेले. माझे पाय दुखायला लागले.

"चल ना आता," मी म्हणालो. "बंद करतायत."

"तू हो पुढे," ती म्हणाली. "माझं अजून बघून व्हायचंय."