फुग्याला टांगलेला आरसा आणि वैरागकर बाई

प्रा. शांताबाई वैरागकर यांची माझी पहिली भेट कॉलेजात नव्हे, तर शहराच्या पूर्व भागातल्या एका मागाच्या कारखान्यात झाली. मी तिथे जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाई त्या खडखडाटात तासभर उभ्या राहिल्या आणि सूत तुटताच माग आपोआप कसा थांबतो, ते मला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. निघताना म्हणाल्या की आमच्या प्रयोगशाळेला असा हात हवा आहे. महिनाभरात मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणून रुजू झालो. नेमणूक तात्पुरती होती. घरी तेलुगू बोलणाऱ्या, सातवी शिकलेल्या मला त्यांनी पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हटले.

बाईंच्या अध्यापनाविषयी या गौरव अंकात इतर लिहितीलच. मला सांगायचे आहे ते तारेवाचून वीज पाठवण्याच्या प्रयोगाविषयी. आजही तो आठवला की मला एका जागी बसवत नाही.

बाईंचे गाव वैराग. तिथल्या एका वस्तीला, ओढ्यापलीकडे खांब टिकत नाहीत म्हणून वीज मिळाली नव्हती आणि ते त्यांना सलत असे. प्रकाशाच्या झोतातून वीज पाठवता येईल, मध्ये आड काही आले तर हवेत आरसा धरून झोत वळवता येईल, असे त्यांनी एका परदेशी मासिकात वाचले होते. आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी पुण्याच्या एका संस्थेकडून पंधरा दिवसांसाठी छोटा लेसर मागून आणला. समोरच्या भिंतीवर त्याचा तांबडा ठिपका उमटला, तेव्हा हातातला पाना खाली ठेवायचेही मला सुचले नाही.

लेसर प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला. ग्रंथालयाच्या इमारतीपलीकडच्या गच्चीवर प्रकाशाची वीज करणारा सेल आणि सुईचा मीटर मांडला. मधला आरसा गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या गॅसच्या फुग्यांना टांगून तीन दोऱ्यांनी ताणायचा होता. दोऱ्या बांधण्याचे काम माझे.

कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आणि पाहुणे जमले, लेसर सुरू झाला आणि माझी एक गाठ सुटली. आरसा गरकन फिरला, ठिपका कुठल्या कुठे गेला. मागून कोणीतरी हसले. अध्यक्षांनी, हे कोणी बांधले, असे करड्या आवाजात विचारले. माझी मुदत त्याच महिन्यात संपत होती आणि घरी दोन मुले होती. मी पुढे होणार तोच बाई बोलल्या.

“गाठी तपासणं माझं काम होतं, साहेब. ते मी केलं नाही. प्रयोग फसला तो माझ्यामुळे.”

दुसऱ्या दिवशी त्या वर्कशॉपमध्ये आल्या. कालचा विषय त्यांनी काढला नाही. लेसर परत करायला दोन दिवस उरले होते.

“नरसय्या, गाठ कोणती मारायची ते आता तुम्हीच ठरवा,” एवढेच म्हणाल्या.

मी विणकराची गाठ मारली. तुटलेले सूत जोडायची ही बारीक, न सरकणारी गाठ आमच्या घरातली लहान मुलेही मारतात. यावेळी बाईंनी तिन्ही दोऱ्या स्वतः ओढून पाहिल्या. सकाळी वारा पडलेला असताना आम्ही फुगे वर सोडले. बाई गच्चीवर मीटरपाशी बसल्या आणि मी खालून दोऱ्या सैल-घट्ट करू लागलो. बराच वेळ काही घडेना. मग गच्चीवरून हाक आली. एरवी पुस्तकासारखे बोलणाऱ्या बाई गावच्या बोलीवर आल्या होत्या.

“नरसय्या, सुई हलली की! हितं बॅटरी न्हाय, तार न्हाय. वीज आरशावरनं आली!”

मी जिना धावत चढलो. सुई जेमतेम दोन रेघा सरकली होती. तेवढ्या विजेने मुंगीसुद्धा दचकली नसती, असे बाईच म्हणाल्या, आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो. नंतर त्यांनी अध्यक्षांना लिहिलेल्या अहवालात माझे नाव आपल्या नावाशेजारी घातले. पुढच्या महिन्यात माझी नेमणूक कायम झाली.

आता बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सत्काराचे बोलणे काढायला आम्ही घरी गेलो, तर त्यांनी आम्हालाच थांबवून, दुप्पट मोठा आरसा उचलायला किती फुगे लागतील, हे कागदावर मांडून दाखवले. त्यांना उदंड आयुष्य लाभो, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि गच्चीचे जिने चढायला गुडघे साथ देवोत. ओढ्यापलीकडच्या त्या वस्तीत त्यांच्या हातून दिवा लागेल, तेव्हा दोऱ्या धरायला मी असेनच.