दोन्ही टोकांना पिना

वायरमनचं काम करतोय त्याला वीस वर्षं झाली. वडवणीजवळच्या आमच्या गावात माझा हात लागला नाही असा बोर्ड क्वचितच सापडेल. माजी सरपंचांच्या घरचा बोर्डही मीच बसवलेला. त्या उन्हाळ्यात वादळानं त्यांच्या घरापुढची तार तुटली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीच्या लग्नाची सुपारी होती. त्यांनी जनरेटर आणला आणि सकाळी मला बोलावलं.

जाऊन बघतो तर वायर तयार करून ठेवलेली. दोन्ही टोकांना पिना. एक जनरेटरमध्ये घालायची, दुसरी घरातल्या सॉकेटात.

"दादा, हे चालणार न्हाई," मी म्हणालो. "चेंजओव्हर स्विच पायजे. एका वेळी एकच जोडलं जातं, लाईन न्हाईतर जनरेटर. असं जोडलं तर तुमचा करंट मीटरमधून उलटा खांबावर जाईल."

"किती वेळ लागंल?"

"बीडहून आणून बसवायला सांज व्हईल."

"पाव्हणे बाराला येणार हायेत. तू जा बे, आमी बघतो."

"निदान मेन स्विच तरी पाडा," एवढं बोलून मी पिशवी उचलली. चारचौघांत 'जा बे' ऐकून घ्यावं लागलं, याचाच राग डोक्यात होता. ती वायर मी तिथंच सोडून आलो.

लाईनमन माझा शाळेतला सोबती. दुपारी त्यानं लाईन बंद करायला डीपीवरचे फ्यूज स्वतः काढून खिशात घातले आणि तार जोडायला खांबावर चढला. तेवढ्यात घरात जनरेटर सुरू झाला. मेन कुणीच पाडला नव्हता.

ओरडा ऐकून मी पळत आलो. तो तारेला चिकटलेला. मी आधी अंगणात घुसून जनरेटर बंद केला. करंट तुटला तसा तो खाली कडब्याच्या गंजीवर पडला, म्हणून वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, कमरेचं हाड मोडलं.

दवाखान्यात सरपंच आले. म्हणाले, "त्यानं बघून चढायला पायजे व्हतं."

"फ्यूज त्याच्या खिशात व्हते, दादा! आणखी काय बघायचं व्हतं त्यानं?" मी एवढ्या जोरात ओरडलो की नर्स धावत आली. ते फोन कानाला लावून बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत.

महिन्याभरानं त्यांनी चेंजओव्हर बसवून घेतला, दुसऱ्या वायरमनकडून. आल्यागेल्याला त्याचा दांडा वर-खाली करून दाखवतात. सोबती आता सबस्टेशनात बसून डाव्या हातानं नोंदी लिहितो. मला म्हणतो, "सोड की आता." पण दांडा दाखवतानाचं त्यांचं ते हसू आठवलं की अजून माझ्या कानशिलात रक्त चढतं. आणि खरं सांगायचं तर निम्मा राग माझ्यावरच असतो.