कू मालबुनचा आवाज

कू मालबुनच्या बसमध्ये माईक होता, पण तिने तो कधी हातात धरला नाही. ड्रायव्हरने पुढे केला की म्हणायची, "ठेवा हो तो, उगाच गरम होईल." आणि दाराजवळच्या पायरीवर उभी राहून बोलायला लागायची. शेवटच्या बाकावर पेंगणारा म्हातारासुद्धा दचकून जागा व्हायचा. बेटावरच्या नल्मी गावची सहल कोरियातल्या इंचॉन शहरातून सकाळी निघायची: आधी शेतातले पक्षी, मग खाजण, मग जेवण आणि दुपारी लव्हाळ्याच्या चटयांचं काम. संध्याकाळी परत. या सहलीची गाईड म्हणजे मालबुन. वय पासष्टीच्या पुढे, केस बारीक कुरळे केलेले, उन्हात रापलेला चेहरा आणि पायात चिखलाचे गमबूट.

ही सहल सुरू झाली ती गावच्या बायकांच्या हट्टापायी. खाजणाचा पट्टा पक्ष्यांसाठी राखीव झाला तेव्हा पुरुषमंडळी कुरकुरली होती. पोरं शहरात गेलेली, शाळेला कुलूप लागलेलं, चटया कोणी विकत घेईना. तेव्हा गावच्या सभागृहात बसून बायकांनी ठरवलं की बघायला माणसं येतील, पण दाखवणारं कोणीतरी पाहिजे. मालबुन उठून म्हणाली, "मी दाखवते."

गावचा प्रमुख हसत सुटला. "वहिनी, घरात तुम्ही पुटपुटता ते ठीक आहे. पण त्या दिवशी डुक्कर शेतात शिरलं तेव्हा तुम्ही दिलेली आरोळी मी ऐकलीय. तुमचा आवाज ऐकून पक्षी थेट चीनला जातील."

"जाऊ देत," मालबुन म्हणाली. "तुमचं घोरणं ऐकून अजून गेले नाहीत ते."

पण बोलणं तिच्या मनाला लागलं. रोज पहाटे ती बांधावर जायची आणि हळू बोलायला शिकायची. हळूपेक्षाही हळू, म्हणजे हातांनी. बोटं चोचीसारखी हलवली की 'बघा, खातोय'. तळहात खाली दाबला की 'बसा'. राखीव पट्ट्याच्या कचेरीतल्या मुलीकडे बसून तिने पक्ष्यांची नावं पाठ केली, परीक्षा दिली, पहिल्या वेळी नापास झाली, दुसऱ्या वेळी पास. ओळखपत्र गळ्यात पडलं त्या दिवशी ते काढायचं विसरून ती तशीच झोपली.

तो आवाज आला कुठून, हे मात्र नल्मीत कोणाला ठाऊक नव्हतं.

मालबुन सतराव्या वर्षी बसवर लागली होती, इंचॉनच्या डेपोत. तेव्हा बसच्या दारात कंडक्टर म्हणून पोरीच असत. निळा गणवेश, डोक्याला टोपी. माणसं आत कोंबायची, पाठीने रेटायची, दार लागत नसेल तर दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून स्वतःच दार व्हायचं, आणि पत्र्यावर थाप मारून ओरडायचं, "ओराई!", म्हणजे ऑल राइट, चला. मग गाडी हलायची. डेपोत परतल्यावर त्यांचं अंग चाचपलं जाई, जणू सगळ्याच चोर. लोक त्यांना नाही नाही ती नावं ठेवत. त्या दारात उभं राहून मालबुनने धाकट्या दोन्ही भावांची शाळा पुरी केली. पण लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मध्यस्थ बाईने तिला दरडावलं, "बसचं नाव तोंडातून काढायचं नाही. इंचॉनला एका ऑफिसात होतीस, एवढंच."

नल्मीतलं ते घर चटयांसाठी नावाजलेलं. सासू, योम बोकदान, हिच्या चटईवरचं बगळ्याचं नक्षीकाम बघायला दुसऱ्या बेटावरून बायका येत. तिने पहिल्याच दिवशी नव्या सुनेला सांगितलं, "या घरातल्या सुनेचा आवाज कुंपणाबाहेर जात नाही." मालबुनने मान हलवली. नवऱ्याला मात्र तिने पहिल्याच हिवाळ्यात सगळं सांगून टाकलं. गिबोंग पोट धरून हसला आणि म्हणाला, "आईला सांगू नकोस हं. ती मध्यस्थ बाईचं घर उन्हात बांधेल." पुढे गिबोंग गेला, मध्यस्थ बाई गेली, आणि सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. मालबुन घरात हळू बोलत राहिली. सासूबाई नव्वदीला पोहोचल्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या झाल्या, तरी ती हळूच बोलायची. कानाशी तोंड नेऊन.

मे महिन्यातल्या त्या सकाळी बसमध्ये सगळ्या आज्याच होत्या. इंचॉनच्या कुठल्याशा मैत्रीण मंडळाची सहल. रंगीत टोप्या, उकडलेली अंडी, रताळी आणि सगळ्या एकदम बोलणाऱ्या. मालबुन पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "आज्यांनो, शेताजवळ गेलं की तोंड बंद. जिचं उघडेल तिला जेवायला बांदेंगी मासळी नाही."

"मग तर आम्ही उपाशीच!" मागून कोणीतरी ओरडलं आणि बस हसली.

पुलावरून उतरताना बसने मोठं वळण घेतलं. आज्यांनी बाकांच्या दांड्या घट्ट धरल्या, एकीची अंडी घरंगळली. मालबुनने कशालाच हात लावला नाही. पाय जरा फाकलेले, एक कोपर दाराला टेकलेलं, आणि बोलणं चालूच. दुसऱ्या रांगेतली जांभळ्या टोपीची बाई तिच्या पायांकडे बघत राहिली.

शेतांत नुकतंच पाणी सोडलेलं होतं. लाकडी आडोशामागे सगळ्याजणी ओळीने वाकल्या. चिखलपाण्यात काळ्या तोंडाचे चमचे पक्षी उतरले होते. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अंगण झाडल्यासारखी. मालबुनने बोटांची चोच केली. मग एका पक्ष्याकडे दाखवून छातीवर हात ठेवला: विणीच्या हंगामात त्यांच्या छातीवर पिवळा पट्टा येतो. सकाळभर गलका करणाऱ्या आज्या श्वास रोखून बघत होत्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "इतका पांढरा," ती पुटपुटली, आणि लगेच तोंडावर हात ठेवून मालबुनकडे घाबरून पाहिलं. मालबुनने हसून मान हलवली. तेवढ्या शब्दांना माफी होती.

खाजणातून परत आल्यावर नळाशी पाय धुताना जांभळ्या टोपीची बाई तिच्याजवळ आली. आवाज दाबून म्हणाली, "तुम्ही इंचॉनच्या डेपोत होतात ना? बसवर? मी पे छुंजा. वसतिगृहाच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीपाशी झोपायचे."

मालबुनच्या हातातला पाइप तसाच राहिला. छुंजाताई! थंडीत भेगाळलेल्या मालबुनच्या हातांना रोज झोपताना चरबी चोळून देणारी छुंजाताई. डोळ्यांभोवती सुरकुत्या होत्या, पण डोळे तेच.

आणि मालबुन म्हणाली, "नाही हो. दुसरं कोणी असेल."

"असेल," छुंजा म्हणाली. "आता नीट दिसत नाही मला." ती गमबूट काढायला खाली वाकली आणि बराच वेळ वर पाहिलं नाही.

जेवताना मालबुनने मासळी वाढली, सलगमाची किमची वाढली, सगळ्यांच्या वाट्या भरल्या, स्वतःची भरायची विसरली. आपण का नाही म्हणालो, हे तिचं तिलाच कळेना. जीभ आपोआप वळली होती.

दुपारी सगळ्या चटयांच्या ओसरीवर जमल्या. मधोमध योम बोकदान बसल्या होत्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, समोर विणायची चौकट. चौकटीवरून दोरीला बांधलेले गोटे लोंबत होते. लव्हाळ्याची काडी ठेवायची, गोटे पुढून मागे टाकायचे, मागून पुढे. टाक, टाक, टाक. म्हातारीचे कान गेले होते, पण बोटं चुकत नव्हती. आलेल्या प्रत्येकीच्या हातात त्या काडी देत आणि एकच प्रश्न विचारत, "या हातांनी आजवर काय केलं?" उत्तर ऐकू येवो न येवो, शेजारी बसलेली सून कानात सांगायची.

एक म्हणाली, मासे खारवले. एक म्हणाली, शिवणकाम. एक लाजत म्हणाली, "काही नाही हो, घरच सांभाळलं." बोकदान खेकसल्या, "घर काय आपोआप उभं राहतं?"

छुंजाची पाळी आली. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी बसवर कंडक्टर होते," ती म्हणाली. "माझी सून म्हणते, आई, चारचौघांत सांगू नका. मी सांगते. या हातांनी मी माणसं पडू दिली नाहीत. गच्च भरलेल्या गाडीचं दार उघडं असायचं आणि त्या दारात मी असायचे. एकदाही कोणी पडलं नाही."

 तिच्या मंडळातल्या बायकांनाही हे नवीनच होतं. कोणी काही बोलायच्या आत बोकदानबाईंनी सुनेची बाही ओढली. "काय म्हणाली ती?"

मालबुन सासूच्या कानाशी वाकली. नेहमीसारखं हळू म्हणाली, "त्या बसवर कंडक्टर होत्या, आई." मग थांबली. छुंजा तिच्याकडे बघत नव्हती. काडी बोटांत फिरवत होती. मालबुन म्हणाली, "मीही होते."

"आं?"

"मीही होते. यांच्याचबरोबर."

"तोंडात काय पुटपुटतेस!" म्हातारी चिडली. "चाळीस वर्षं झाली, तुझं एक वाक्य धड ऐकू येत नाही. मोठ्याने बोल की!"

मालबुन उभी राहिली. पाय जरा फाकले. एवढ्या वर्षांत त्या घरात कोणी ऐकला नव्हता असा आवाज तिच्या पोटातून वर आला.

"आई! मी ऑफिसात नव्हते! मी बसवर कंडक्टर होते! इंचॉनच्या डेपोत! ही माझी छुंजाताई आहे!"

कुंपणापलीकडच्या शेतातून पक्ष्यांचा थवा उठला. रस्त्यापलीकडच्या दुकानातून प्रमुख धावत बाहेर आला, "काय झालं? आग लागली?" छुंजा उठली आणि तिने मालबुनच्या पाठीत जोरात धपाटा घातला. "मेली! नळावर खोटं बोललीस माझ्याशी!" आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागली.

बोकदानबाई चौकटीमागे बसून दोघींकडे बघत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या मध्यस्थ बाईने मला फसवलं."

"हो, आई."

"ऑफिसातली पोर, नाजूक असेल, म्हणून पहिले दोन हिवाळे मी तुला पाण्याला जाऊ दिलं नाही. मी स्वतः बर्फ फोडून पाणी आणलं!" म्हातारीचा आवाज चढला. "आणि तू बसभर माणसं रेटत होतीस?"

"हो, आई."

"किती माणसं मावायची?"

"ड्रायव्हर नको म्हणेपर्यंत," छुंजा ओरडून म्हणाली.

"दाखव," बोकदान म्हणाल्या.

"काय दाखवू?"

"कसं रेटायचीस ते. बायका आहेत, दार आहे. दाखव मला."

मग ओसरीला लागून असलेल्या लव्हाळा ठेवायच्या खोलीत सगळं मैत्रीण मंडळ कोंबलं गेलं. हसून हसून आज्यांना उभं राहवेना. "माझा गुडघा!" "पुढे सरक ना गं, जाडे!" छुंजाने आतून खेचलं, मालबुनने पाठ लावून बाहेरून रेटलं. शेवटच्या आजीला दारात दाबून तिने दोन्ही दांडगे हात चौकटीला लावले आणि दाराच्या फळीवर थाप मारली. दोघी एकदम ओरडल्या, "ओराई!"

बोकदानबाईंना ते ऐकू आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकट्याच, बराच वेळ. मग डोळे पुसून म्हणाल्या, "एवढा आवाज घरात होता आणि मी त्याला दाबून ठेवलं. पूर आला तेव्हा गाव जागं करायला माझा नवरा घरोघर पळत होता."

संध्याकाळी बस निघाली तेव्हा छुंजाच्या मांडीवर बोकदानबाईंनी दिलेलं एक छोटं आसन होतं, मधे लाल लव्हाळ्याची एक काडी चुकून तिरकी गेलेलं. ती काडी छुंजाने स्वतः घातलेली होती. ती उसवायला म्हातारीने कोणालाच हात लावू दिला नव्हता. पुढच्या महिन्यात छुंजा परत आली, मुक्कामाला. लव्हाळ्याची कापणी होईपर्यंत राहिली आणि मग जेव्हा जमेल तेव्हा येतच राहिली.

पण त्याआधीची, सहलीच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. हिवाळ्यापासून घराबाहेर न पडलेल्या बोकदानबाईंनी चाकांचा वॉकर मागितला आणि एकट्याच गावच्या सभागृहाकडे निघाल्या. मालबुन लव्हाळ्याची रोपं टोपलीत घेऊन शेताकडे चालली होती. सभागृहाच्या भिंतीशी आली आणि आतला सासूचा आवाज ऐकून थांबली. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा.

"अर्धं इंचॉन माझ्या सुनेने कामावर पोहोचवलंय!" बोकदानबाई सांगत होत्या. "तुमची मुलं तेव्हा शिकायला शहरात गेली ना? कोणाच्या बसने गेली? विचारा त्यांना! दारात कोण उभं होतं, विचारा!"

कोणीतरी काही म्हणालं.

"लाज कसली?" म्हातारी कडाडली. "तुझ्या सुनेला एक गाय तरी ढकलता येते का?"

मालबुनने टोपली कडेवर नीट घेतली. हसू दाबायला खालचा ओठ चावला, तरी ते फुटलंच. शेतात पाणी स्वच्छ होतं. ती गुडघाभर चिखलात उतरली आणि एकेक रोप रोवायला लागली.