मुरुमचा पिवळा साबण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी मुरुमच्या साबणवाल्या चाचांचे, असे सांगतो. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि ती त्यांच्यामुळे.

कढईतला साबण शिजत आला की चाचा थोडा बोटावर घेत, निववत आणि जिभेला लावत. जीभ चुरचुरली तर सोडा जास्त. "डोळे फसतात, जीभ न्हाय," म्हणत. साबण करडईच्या तेलाचा, पिवळा, बेढब. तुम्ही उमरग्याकडचे असाल तर तो तुमच्याही अंगाला लागला असेल. त्याने मळ जातो आणि थोडी कातडीही, असे आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणत असू. "मग? नवी येती की," ते म्हणत.

मॅट्रिकनंतर वडील मला औताला जुंपणार होते. चाचा आमच्या बांधावर येऊन बसले, ते वडील हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. माझी कॉलेजची फी त्या कढईतूनच गेली.

निजामाच्या राज्यात सोलापूरकडून येणाऱ्या मालावर नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. चाचांचा सोडा तिकडूनच येई, म्हणून ते नाक्याला रोज शिव्या घालत. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी नाका उठला, तेव्हा त्यांनी बाजारभर पेढे वाटले. आता सोडा स्वस्त होणार आणि आपला साबण सोलापुरात खपणार, असे त्यांनी धरले होते. एक गाडी भरून पाठवलीही. तिथल्या दुकानदाराने वडी हुंगून विचारले, हा जनावरांसाठी का? गाडी भरलेलीच परत आली.

त्याच वाटेने मग मुंबईचा साबण मुरुमात आला. कागदात गुंडाळलेला, वासाचा, आणि वर स्वस्त. ज्यांनी पेढे खाल्ले तेच दुकानदार तो विकू लागले. त्यातल्या एकाने विचारले, "चाचा, आजून पेढे हायत का?"

कढईवरच्या सहा माणसांपैकी चौघे खडी फोडायला गेले.

बी.ए. होऊन मी उस्मानाबादला शाळेत लागलो आणि सुट्टीत त्यांना भेटायला गेलो. चूल थंड होती. मी सरकारला अर्ज लिहावा, नाका परत बसवा म्हणावे, असा त्यांचा आग्रह. देश एक झाला, आता मधे नाका कसा बसेल, असे मी समजावले.

"एक झाला, लई चांगलं झालं," ते म्हणाले. "आमी बी त्यातच हाव न्हवं?"



मग त्यांनी खरे ते विचारले. होते तेवढे शेत विकून साबणाचे मशीन घ्यावे का? शेताला गिऱ्हाईक तयार होते. "तू शिकलास, बेटा. तू म्हणशील तसं."

मी कळवतो म्हणालो आणि महिनाभर कळवले नाही. शेवटी पत्र लिहिले. चाचा आता नाहीत, म्हणून ते इथे देतो.

"चाचांना सलाम.

शेत विकू नका. सोलापुरात मशीनवर साबण करणारे तिघे पाहून आलो. दोघांच्या दाराला कुलूप आहे, तिसरा मशीनला गिऱ्हाईक शोधतो आहे. नाक्याचा अर्ज मी तीनदा लिहून फाडला. तो कुठल्या कचेरीत द्यावा, हे बी.ए. होऊनही मला कळत नाही.

कढई विकून टाका. हे तुम्हाला मी सांगावे, याची लाज वाटते.

रविवारी येतो. कढईवर राहिलेल्या दोघांना तुम्ही काही सांगू नका, मी सांगेन."