घरापर्यंतची वाट

श्रवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे कानवाले म्हणत. आठवड्यातले बरेच दिवस ते दूरदूरच्या दवाखान्यांत बसत. कुणाच्या कानाला किती आवाज सोसतो, याच्या फायली मात्र घरच्या कॉम्प्युटरवर. दुसऱ्याच्या कानाची गोष्ट परक्याच्या हाती द्यायची नाही, हा त्यांचा बाणा.

बाहेरच्या वायफायवर कुणी डोकावू नये म्हणून बायकोसारखीच त्यांनीही एका कंपनीची व्हीपीएन सेवा घेतली होती. इंटरनेटवरचा झाकलेला बोगदाच तो. पण त्याचं दुसरं तोंड कंपनीच्या दारात उघडे, तिथून घरात काही शिरता येत नसे. शिवाय ‘आम्ही तुमचं काही पाहत नाही’ हे कंपनीचं म्हणणं त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

“घरीच स्वतःचं व्हीपीएन उभारतो,” त्यांनी जाहीर केलं.

बायको शाळेत ग्रंथपाल. ती म्हणाली, “उभार की. पण राखणही तुलाच करावी लागेल. माझ्या सेवेत बिघडलं तर कंपनीची माणसं धावतात. तुझं बिघडलं तर?”

“मी धावेन.”

“आणि तू बाहेर असलास तर?”

कानवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

सुट्टीचे दिवस खर्ची पडले, चहा गार झाले, पण काम फत्ते झालं. घरात राहणाऱ्या, कानाने मंद आत्याच्या खुर्चीमागे बोगद्याचं घरचं तोंड म्हणून एक जुना, छोटा काळा कॉम्प्युटर बसला. बागेतल्या बाकावरून घरची फाइल उघडली तेव्हा कानवाल्यांना स्वर्ग दोन बोटं उरला.

पुढे एका दवाखान्यात एक आजोबा आले. यंत्र बंद पडल्यापासून ते लोकांच्या ओठांकडे बघून हसत, कळो न कळो. कानवाल्यांनी यंत्र दुरुस्त केलं. आता फक्त जुनी मापं हवी होती. लॅपटॉप उघडला, तर घर लागेना.

बायको शाळेत होती. घरचा फोन आत्याने उचलला.

“आत्या, तुझ्या खुर्चीमागचा काळा डबा चालू आहे का?”

“कोण आजारी आहे?”

“डबा! काळा डबा! यंत्र घाल कानात!”

दवाखान्यात बाहेर बाकांवर बसलेल्यांची कुजबुज थांबली. थोड्या वेळाने आत्याचा आवाज आला. “हां, बोल. तो डबा ना? तापला होता. म्हटलं पेटेल, म्हणून पिन काढली.”

“लाव परत. आणि फोन ठेवू नकोस.”

डबा जागा व्हायला वेळ लागला. अखेर फाइल उघडली, मापं भरली गेली. कानवाल्यांनी यंत्र त्यांच्या कानात बसवून हळूच विचारलं, “ऐकू येतंय?”

“येतंय,” आजोबा म्हणाले. “तुमच्या आत्याचंही येतंय.”

संध्याकाळी हकिगत ऐकून बायको पोट धरून हसली. तिने आपल्या कंपनीची सेवा सोडली नाही. तिला फक्त बाहेरच्या नजरा चुकवायच्या होत्या, घरात शिरायचं नव्हतं. कानवाल्यांनीही आपला डबा सोडला नाही, पण जायच्या गावची मापं आदल्या दिवशीच लॅपटॉपवर पासवर्डने कुलूपबंद करून सोबत घ्यायला लागले.

आत्या तेवढी रुसली होती. “आहे तरी काय त्यात?”

“बाहेरून घरात यायची माझी वाट आहे, आत्या.”

“मग आधी सांगायचंस ना,” ती म्हणाली. “वाट कोण कशाला बंद करेल?”